खुडूक छायाचित्रकार

शेवटी त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, काचेची चौकट मिळाली आणि संस्थेच्या वार्षिक अहवालावर तो मुखपृष्ठ म्हणून छापून आला. एकदाचं सांगून झालं, आता विसरून जा. अंडीवाल्या वहिनींच्या घरात असं काही झालेलंच नाही असं धरून चालतात. कुणी बक्षिसाचं नाव काढलं की सासूबाई खिडकी लावून घेतात आणि वहिनी कोंबड्यांना दाणे टाकायला जातात, मग ती दाण्यांची वेळ असो वा नसो. कोंबड्या त्यामुळे चांगल्याच सुटल्या आहेत.

तर काहीच झालेलं नाही. गोष्ट फक्त एका बॅटरीची आहे.

वहिनींच्या पत्र्यावर चार सौर पॅनल आहेत आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, इन्व्हर्टरला जोडलेली एक बॅटरी. वस्तीच्या या टोकाला विजेचे खांब फार पूर्वीच येऊन उभे राहिले होते. तारा मागून येणार होत्या. तारांची वाट बघून बघून लोकांनी खांबांना दोऱ्या बांधल्या आणि कपडे वाळत घातले. मग संस्थेने पॅनल बसवले. वहिनींच्या घरात दिवा लागला, पंखा फिरला आणि थोड्याच दिवसांत अंडी उबवायचं यंत्र आलं.

त्याआधी हे खातं खुडूक कोंबडीकडे होतं. खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवरून हलत नाही, असं जे म्हणतात त्यांनी वहिनींच्या कोंबड्या पाहिलेल्या नाहीत. एक कोंबडी मांजर दिसलं म्हणून उठायची, दुसरी ते दिसत नाही म्हणून कंटाळून उठायची. यंत्राला असले नखरे नव्हते. पांढरी पेटी, आत दोन ट्रे, छोटासा पंखा, काचेची खिडकी आणि तापमानाचा लाल आकडा. अख्खी वस्ती आपापली अंडी पेन्सिलीने खूण करून वहिनींकडे आणून द्यायची आणि पिल्लं घेऊन जायची. त्यांतली काही वहिनींची. त्यावर घर चालत होतं. नवरा परगावी ट्रकवर होता, आणि त्याचे पैसे ट्रकसारखेच वाटेत थांबत थांबत यायचे.

अडचण एवढीच, की ती एकुलती एक बॅटरी रात्रभर यंत्र आणि एक दिवा जेमतेम ओढायची. आभाळ भरून आलं की वहिनींच्या जिवाला घोर. म्हणून त्यांनी दुसऱ्या बॅटरीसाठी संस्थेकडे अर्ज केला. संस्थेने कळवलं, की यशोगाथेचे फोटो मिळाल्याशिवाय पुढच्या टप्प्याचा विचार होत नाही.

"म्हणजे फोटो काढला की बॅटरी?" वहिनींनी फोनवर विचारलं.

"चांगला फोटो," प्रकल्पताई म्हणाल्या. या म्हणजे संस्थेच्या बाई. त्या सगळ्यांना ताई म्हणायच्या, म्हणून सगळे त्यांना प्रकल्पताई म्हणायचे. एकदा त्या ड्रायव्हरलाही ताई म्हणाल्या होत्या. तो तेव्हापासून जरा कमी बोलतो.

जीप आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. यंत्रातल्या अंड्यांचे दिवस भरत आले होते, उद्या-परवाकडे फुटणार. वहिनींनी जीपमधून उतरणारं सामान पाहिलं आणि मनातल्या मनात घरातले प्लग मोजले.

जीपमधून प्रकल्पताई उतरल्या, ड्रायव्हर उतरला आणि फोटोवाला उतरला. फोटोवाल्याच्या अंगात खिशांचं जाकीट होतं. खिशावर खिसा, खिशाच्या पोटात खिसा, पाठीवरसुद्धा खिसे, जिथे त्याचा स्वतःचा हात पोहोचणं शक्य नव्हतं.

"माणूस आहे का कपाट?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फोटोसाठी ठेवणीतले कपडे घातले होते, केसांना तेल लावलं होतं आणि सकाळपासून त्या कशालाही टेकल्या नव्हत्या.

प्रकल्पताईंनी त्यांच्याकडे बघून मान वाकडी केली. "ताई, छान दिसताय. पण जरा जुने, विटके कपडे असतील तर..."

"होते की. तुमचीच माणसं घेऊन गेली मागल्या साली, गरिबांना वाटायला."

यावर प्रकल्पताई हसल्या नाहीत, त्यांनी मान डोलावली. म्हणजे सासूबाई फोटोतून बाद.

वहिनींनी पाहुण्यांना थेट यंत्रापाशी नेलं. "हे बघा. तुमच्या उन्हावर चालतं. सगळ्या वस्तीची अंडी आहेत यात."

फोटोवाल्याने काचेतून पाहिलं. तो फार सभ्य माणूस होता, प्रत्येक गोष्टीला आधी 'सुंदर' म्हणायचा आणि मग नाकारायचा. "सुंदर. पण वहिनी, फोटोत काय दिसणार? पेटी."

"पिल्लं दिसतील. उद्या या, नाहीतर परवा."

"आम्हाला आज संध्याकाळीच निघायचंय. आणि लोकांना सौर ऊर्जा म्हटलं की एकच चित्र कळतं. दिव्याखाली अभ्यास करणारं मूल. मूल कुठाय?"

"आमच्यात मूल नाही."

"मग घरातलं सगळ्यात लहान कोण?"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी म्हणजे त्यांचा धाकटा दीर. तो आतल्या खोलीतून डोळे चोळत आला. तिशीचा, दणकट, छातीपर्यंत दाढी. फोटोवाल्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"दाढी काढली तर?"

"दाढी काढली तर माझं वय कळेल," भाऊजी म्हणाला.

त्याला पाठमोरा बसवायचं ठरलं. पाठीवरून तो फार तर मोठ्या बांध्याचा विद्यार्थी वाटला असता. समोर ठेवायला पुस्तक हवं होतं, तर घरात पुस्तक म्हणून एकच वस्तू: यंत्रासोबत आलेली माहितीपुस्तिका. भाऊजी ती उघडून दिव्याखाली बसला आणि कॅमेरा लागेपर्यंत करायचं काय म्हणून वाचायला लागला. सासूबाईंनी दारातून ते दृश्य पाहिलं आणि पदराने डोळे पुसले.

"काय झालं हो आई?"

"काही नाही गं. शाळेत घातला तेव्हापासून वाट बघत होते मी."

इतकं होईपर्यंत घरातल्या सगळ्या प्लगांमध्ये काही ना काही खुपसलेलं होतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, लॅपटॉप, वरून फोटो काढणारं ते उडतं यंत्र, प्रकल्पताईंचे दोन फोन आणि ड्रायव्हरचं दाढी करायचं मशीन. वहिनींनी ते सगळं पाहिलं. घरात पाहुण्याला चहाला नाही म्हणता येत नाही, तसं विजेलाही म्हणता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी नव्याने कळलं.

"ताई, ऊन उतरलंय. आता पॅनलातून येत नाही काही. जे आहे ते बॅटरीत आहे, आणि ते मला रात्रभर पुरवायचंय."

"हो हो. दोनच मिनिटं," प्रकल्पताई म्हणाल्या. "'नंतर'चा फोटो झाला की लगेच 'आधी'चा."

"आधीचा कसला?"

"पॅनल यायच्या आधी तुम्ही अंधारात कशा राहायच्या, तो. दोन्ही शेजारी शेजारी छापतात."

"तो आधी काढायचा होता ना."

"आधी आम्ही आलोच कुठे होतो?"

हे अगदी बरोबर होतं. वहिनींना चीड मात्र आली. चांगला फोटो, बॅटरी. चांगला फोटो, बॅटरी. असं त्या मनातल्या मनात घोकत राहिल्या.

'आधी'च्या फोटोसाठी रॉकेलची चिमणी हवी होती. फोटोवाल्याने ती स्वतःची आणली होती, जुन्या बाजारातून, चांगली पोचे आलेली. आता तिच्यात घालायला रॉकेल हवं. ड्रायव्हर वस्तीभर फिरून आला. रॉकेल कुणाकडेच नव्हतं. रॉकेल हद्दपार केल्याबद्दल संस्थेला मागच्याच वर्षी ढाल मिळाली होती.

"हरकत नाही," फोटोवाला म्हणाला. "चिमणीचा उजेड आपण तयार करू."

त्याने जीपमधून दोन मोठे दिवे काढले. तिकाटण्यांवर चढवले, पुढे केशरी कागद लावला आणि विझलेल्या चिमणीच्या मागे, पिंपाआड, असे दडवले की चिमणीच मिणमिणते आहे असं वाटावं.

वहिनी त्या दिव्यांकडे बघत राहिल्या. परातीएवढे दिवे होते ते. "अंधार दाखवायला एवढा उजेड?"

"अंधार नीट दिसायला उजेड लागतोच, वहिनी."

"हे किती ओढतात?"

"दोनच मिनिटं."

"मी वेळ नाही विचारली—"

त्याने बटण दाबलं. क्षणभर सगळं घर केशरी झालं. चिमणी खरोखर जळते आहे असं वाटलं, भिंतीवर सावल्या हलल्या, आणि सासूबाईंनी जुन्या सवयीने नाकाला पदर लावला. फोटोवाला "सुंदर" म्हणाला. या वेळी त्याला पुढे नाकारायची संधी मिळाली नाही. कोपऱ्यातून एक लांब शिट्टी आली. दिवे गेले, बल्ब गेला, पंखा गेला. यंत्राच्या काचेमागचा लाल आकडा एकदा उघडझाप करून गेला.

वहिनींनी इन्व्हर्टरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. शिट्टी. पुन्हा केलं. पुन्हा शिट्टी, या खेपेला अर्धीच. तिलाही वीज पुरली नाही.

"अरे वा," अंधारातून फोटोवाला म्हणाला. "हाच खरा 'आधी'!"

वहिनी काय बोलल्या ते छापता येणार नाही. पण ते ऐकून सासूबाई "तेच म्हणते मी" म्हणाल्या, आणि एवढ्या वर्षांत सासूसुनेचा पहिल्यांदाच शब्दाला शब्द जुळला.

मग धावपळ. यंत्रावर गोधडी टाकली. स्वयंपाकाची शेगडी विजेची, संस्थेनेच दिलेली. जुनी चूल संस्थेने अंगणात समारंभाने फोडली होती, त्याचाही फोटो आहे. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गॅसवर पाणी तापवून दोन बाटल्या भरून दिल्या. तिसरीच्या वेळी सिलिंडरने मान टाकली. जीपमध्ये हिटर आहे का म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "गार करायची सोय आहे. गरम आपोआप होते, पण दुपारी."

भाऊजी एकटा अजून जागेवर बसला होता. मोबाइलच्या उजेडात तो पुस्तिका वाचत होता.

"भाऊजी, अहो, अभ्यास झाला! उठा आता!"

"थांब वहिनी. इथे दिलंय. वीज गेल्यास अंडी सदतीस अंशांच्या आसपास ठेवावीत." त्याने पान उलटलं. "माणसाचं अंग सदतीसच असतं ना गं?"

मग सगळ्यांनी हळूहळू, न ठरवता, फोटोवाल्याच्या जाकिटाकडे पाहिलं.

"नाही," फोटोवाला म्हणाला.

"दोनच मिनिटं," वहिनी म्हणाल्या.

दोन बाटल्यांवर एकच ट्रे तगणार होता. दुसऱ्या ट्रेमधलं एकेक अंडं वहिनींनी जुन्या मोज्यांत आणि फडक्यांत गुंडाळलं आणि फोटोवाल्याच्या खिशांत भरत गेल्या. छातीचे खिसे, पोटाचे खिसे, आतले चोरखिसे. ज्या खिशात भिंग असायचं तिथे काकूंच्या तांबड्या कोंबडीची दोन मावली. त्याला भिंतीला पाठ टेकवायची मनाई असल्याने पाठीचे खिसेही कामी आले. वरून गोधडी. उरलेली अंडी भाऊजीने शर्टात घेतली, दाढीखाली. ती जागा जन्मात पहिल्यांदा उपयोगी पडत होती. प्रकल्पताईंनी दोन अंडी ओंजळीत धरली आणि आता फोन कशाने धरायचा म्हणून हवालदिल झाल्या.

"मला शिंक आली तर?" फोटोवाल्याने विचारलं.

"येऊ द्यायची नाही."

"पण वहिनी, माझं काम..."

आणि मग वहिनींचा बांध फुटला. "तुमचं काम? तीन आठवडे मी हा आकडा बघून झोपते आणि हा आकडा बघून उठते. लोकांनी विश्वासाने आणून दिलेली अंडी आहेत. उद्या काकूंना काय सांगू? तुमची पिल्लं मेली, पण अंधार फार झकास आलाय? बॅटरी मागितली होती हो मी. एक बॅटरी! तुम्ही होती तीही पिऊन बसलात!"

फोटोवाला खरंच सभ्य माणूस होता. त्याने नाक दाबून धरलं आणि शिंक परतवली.

सासूबाई मात्र स्वस्थ होत्या. ठेवणीतल्या कपड्यांना सुरकुत्या नकोत म्हणून त्यांना अंडी दिली नव्हती. त्यांनी टेबलावरचा कॅमेरा उचलला, उलटसुलट करून पाहिला. "हे कुठे दाबायचं?"

"आजी, तो फार महाग—"

"हलू नकोस. अंडी आहेत."

खट् झालं. मोबाइलच्या उजेडात गोधडी पांघरलेला, नाक दाबलेला, डोळे विस्फारलेला छायाचित्रकार. त्याच्याभोवती एक दाढीवाला आणि एक ओंजळ. आणि वर, मधोमध, न लागलेला बल्ब.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कुणी हललं नाही.

उजाडताना फोटोवाला एकदम ताठ झाला. "वहिनी," तो कुजबुजला, "माझ्या छातीत टोचतंय."

प्रकल्पताई घाबरल्या. "डॉक्टर बोलवायचा का?"

"नको. वरचा खिसा आहे."

वहिनींनी कान लावला. आतून टकटक येत होती. फोटोवाल्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते टिपायला तिथे छायाचित्रकार नव्हता. तो कामात होता. दारातून काकू डोकावल्या, त्यांनी जाकिटाकडे पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं बाई, हा तर खुडूक बसलाय!"

पत्र्यावर ऊन आलं, लाल आकडा पुन्हा उजळला. जाकिटातली बहुतेक सगळी अंडी फुटली. बाटल्यांवरच्या ट्रेमधली निम्मी फुटलीच नाहीत. वहिनींनी ती एकेक करून कानाशी धरली आणि बाजूला ठेवली. ज्यांची गेली त्यांना त्यांनी आपल्या वाटणीची पिल्लं दिली. स्वतःकडे त्या खेपेचं एकही उरलं नाही. जीप निघताना फोटोवाल्याने फार वेळा माफी मागितली आणि प्रकल्पताई म्हणाल्या, "बॅटरीचं मी बघते हं, ताई."

पुढे सासूबाईंच्या फोटोचं काय झालं ते आपण विसरलेलोच आहोत. तो फोटोवाल्याच्या नावावर स्पर्धेला गेला, यात त्याचा दोष नव्हता म्हणे, कॅमेरा त्याचा होता. वहिनींकडे आलं ते फक्त संस्थेचं पत्र. भाऊजीने मोठ्यांदा वाचलं. त्याला आता वाचायची चटक लागली होती.

"'आपला फोटो समितीने पाहिला. त्यावरून असे दिसते, की अंडी उबवण्यासाठी आपल्याकडे मानवी उष्णतेचा पूर्णतः स्वच्छ व विनाखर्च पर्याय उपलब्ध आहे. सबब दुसऱ्या बॅटरीची आवश्यकता दिसून येत नाही. तसेच फोटोत बल्ब बंद असल्याचे आढळते. मिळालेल्या सुविधेचा वापर का होत नाही, याचा खुलासा करावा.'"

सासूबाई म्हणाल्या, "पेटव ते."

"आई, पेटवायला घरात आहे काय?" वहिनी म्हणाल्या.

यंत्रात नवी अंडी होती. बाहेर आभाळ भरून येत होतं. वहिनींनी लाल आकड्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग पुन्हा आकड्याकडे. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, लिहा."

प्रति, मा. अध्यक्ष, पर्याय पडताळणी समिती.

विषय: मंजूर पर्याय प्रत्यक्ष पुरवण्याबाबत.

महोदय, आपण कळवलेला पर्याय आम्हास मान्य आहे. परंतु सदर पर्याय फोटो काढून झाल्यावर आपल्या जीपमधून निघून गेला असून आजमितीस घरात उपलब्ध नाही. बल्ब बंद असण्याचा खुलासा त्याच्याकडूनच घ्यावा. तरी विनंती, की खिशांच्या जाकिटासह एक छायाचित्रकार, शिंक न येणारा, प्रत्येक खेपेस अंडी फुटेपर्यंत, रोज ऊन उतरल्यापासून ऊन येईपर्यंत आमच्या घरी बसता करावा. ढगाळ दिवसांसाठी एक जादा छायाचित्रकार राखीव मंजूर करावा. आणि दोघांनाही येताना आपापल्या बॅटऱ्या घरूनच चार्ज करून आणण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी आदेश व्हावेत.